तासिका, मोरचूद आणि मी

रसायनशास्त्राचा प्राध्यापक व्हायचं, असं लहानपणी कोणीच ठरवत नाही. गणिताची धास्ती आणि झूऑलॉजीच्या वासाचा तिटकारा असला की माणूस आपोआप केमिस्ट्रीत सापडतो. एम.एस्सी. झाल्यावर मित्र अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्टला लागले. मी प्राध्यापकीची पात्रता परीक्षा ‘सेट’ काढली आणि वणीच्या कॉलेजात रुजू झालो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास, तेवढे पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही शून्य. ‘मुलगा प्राध्यापक आहे’ म्हटलं की मुलीकडे पोहे येत. ‘पगार तासावर’ म्हटलं की चहाआधी मुलीच्या वडिलांना अर्जंट फोन येई.

वर्गात निम्मी पोरं द्राक्षबागायतदारांची. नवरात्रात वर्ग सप्तशृंगगडावर, ऑक्टोबर छाटणीला बागेत. उरलेल्यांना एकदा विस्थापन अभिक्रिया शिकवत होतो : मोरचुदाच्या द्रावणात लोखंड बुडवलं की त्यावर तांबं बसतं. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे तर आमचे आजोबा विळ्यानं करतात.” शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, बोर्डो मिश्रण झालं की विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, तसंच फवारलं तर पानं करपतात. आजोबांनी सेट दिलेली नव्हती.

अब्रू वाचवायला मी इतिहासात शिरलो. फ्रान्समध्ये बोर्दोकडचे बागायतदार चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं हेरलं आणि १८८५ मध्ये जाहीर केलं. वर्ग चिडीचूप. मग एकानं हात वर केला, “सर, ते परमनंट होते का?”

परवा एक बागायतदार लेकाला घेऊन आले. “याला तुमच्यासारखं केमिस्ट्रीचं सर व्हायचंय. जरा खरं काय ते सांगा त्याला.” मी सगळं सांगितलं : एम.एस्सी., सेट, पीएच.डी., रखडलेली भरती, तासिकांचं थकलेलं बिल. ते सुन्न झाले. “म्हणजे द्राक्षापेक्षाही बेभरवशाचं की हो, सर!”

पोरानं मात्र तिथंच केमिस्ट्रीचा फॉर्म भरला. ऐन काढणीत गारपीट बघत वाढलेल्या पोराला थकलेल्या बिलाची कसली भीती!