पाथर्डीत विम्बल्डन कसे पाहावे : नवशिक्यांसाठी

विम्बल्डन पाहायला टेनिस यावे लागते, हा गैरसमज आधी काढून टाका. पाथर्डी तालुक्यात पहिली फेरी घरातच होते आणि ती रिमोटसाठी असते. सेंटर कोर्टवरचा खेळ आपल्या घड्याळात संध्याकाळी सहाला सुरू होतो. पहिला सेट रंगात येतो तोवर सात वाजतात आणि मालिका लागते. "आज सेमीफायनल आहे," असे आईला सांगून उपयोग नाही. तिच्या मालिकेत रोजच सेमीफायनल असते. त्यापेक्षा बाहेरच्या कोर्टांवर दुपारी साडेतीनलाच खेळ सुरू होतो, तो पाहून सराव करा. त्या वेळी माणसे रानात असतात. फायनलची मात्र आता सोय झाली आहे. 2025 पासून ती तिकडे दुपारी चारला, म्हणजे इकडे रात्री साडेआठला ठेवतात. महिलांची शनिवारी, पुरुषांची रविवारी. जेवणे उरकून बसा.

लाईट जाणारच, हे धरून चाला. मोबाईल सकाळीच चार्ज करून ठेवा. आणि गेली तरी जीव टाकू नका. 2010 मध्ये इस्नर आणि माहू यांचा पहिल्या फेरीचा सामना तीन दिवस चालला, एकूण 11 तास 5 मिनिटे. शेवटचा सेट 70-68. तिथला धावफलकच 47-47 वर बंद पडला होता, मग आपल्या डीपीचे काय घेऊन बसलात! आता ती चैन राहिलेली नाही. 2022 पासून शेवटच्या सेटमध्ये 6-6 झाले की दहा गुणांचा टायब्रेक घेऊन निकाल लावतात.

आता कोण कोण आहे ते ओळखणे. इथेच बहुतेक नवशिके गळतात. कॅमेरा कोर्टाच्या एका टोकाला उंचावर बसवलेला असतो आणि तो जागचा हलत नाही. खेळाडू मात्र बाजू बदलत राहतात. आत्ता खाली पाठमोरा दिसणारा थोड्या वेळाने वर, बोटभर होऊन खेळताना दिसतो. त्यात इथे सगळ्यांनी पांढरेच घालायचे असा दंडक. "हे बी पांढरं, ते बी पांढरं, आपला कोणता?" असा प्रश्न येतो. उपाय असा : टोपी कोणाला आहे, डोक्याला पट्टी कोणी बांधली आहे, डावखुरा कोण, हे पहिल्या गेममध्येच पाहून ठेवा. कोपऱ्यातल्या गुणांच्या पट्टीत सर्व्हिस करणाऱ्याच्या नावाशी खूण असते, तिच्यावर एक डोळा ठेवा.

गुण 15, 30, 40 असे जातात. पोरे विचारतील, 45 का नाही? रागवू नका, विषय बदला.

आवाजाबद्दल एक धोक्याची सूचना. कुस्तीच्या फडावर, क्रिकेटमध्ये निवेदक एक क्षण गप्प बसत नाही. इथे चेंडू खेळात असताना सगळे मुके. नवशिका टीव्ही बिघडला समजून आवाज वाढवत नेतो. तेवढ्यात बाजू बदलायची 90 सेकंदांची विश्रांती होते आणि जाहिरात अशी कडाडते, की शेजारची म्हैस दावे तोडू पाहते. या 90 सेकंदांत चहा होत नाही. सेट संपल्यावर दोन मिनिटे मिळतात, त्यातही नाही. आधण आधीच ठेवा.

घरातल्या म्हाताऱ्यांना सोबत घ्यायचे असेल, तर गवतापासून सुरुवात करा. राय जातीचे गवत, उंची 8 मिलिमीटर, रोज कापतात. "आरं, मग शेळीनं खायचं काय?" ही पहिली प्रतिक्रिया ठरलेली. त्यांचे लक्ष तुमच्यापेक्षा जास्त राहील, कारण जुलै आहे, बाजरी पेरलेली आहे आणि ढग नुसते बघून चाललेत. अशात लंडनला चार थेंब पडतात आणि माणसे पळत येऊन कोर्टावर ताडपत्री ओढतात. सेंटर कोर्टला तर 2009 पासून सरकते छप्परच आहे. हे दृश्य घरातल्यांना पाहवत नाही. "पडू दे की रं, कशाला झाकता?" असे टीव्हीला उद्देशून म्हटले जाईल. मध्ये बोलू नका.

कंटाळलेल्यांसाठी रॉयल बॉक्स असतो. 2024 मध्ये तिथे आपला सचिन बसला होता. तेवढ्यापुरते सगळे घर टेनिसप्रेमी होते.

शेवटी खरा प्रश्न येतो : "यात आपलं कोण हाय?" उत्तर तयार ठेवा. एकेरीत बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर कोणी नसते. दुहेरीत असतात, पण ते सामने बाहेरच्या कोर्टांवर, टीव्हीवर क्वचितच. 2015 मध्ये सानियाने हिंगिसबरोबर इथे दुहेरी जिंकली, हे सांगता येईल. पण हुकमी उत्तर वेगळे आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सोने आणणारी ऋतुजा भोसले आपल्याच जिल्ह्यातली, श्रीरामपूरची. एवढे सांगितले की टीव्हीकडे पाठ करून चौकशी सुरू होते : श्रीरामपुरात कुठं, भोसले म्हणजे कोणते, आपल्या तिसगावच्या पाहुण्यांचे काही लागतात का? यात एक सेट जातो. जाऊ द्या. पुरुष एकेरीचा सामना जिंकायला तीन सेट लागतात.