बी धरायला ठेवलंय

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर पावसाळ्यात पाच-सहा दुधी लागतात आणि आजवर त्यांतला एकही कुणाच्या पोटात गेलेला नाही. मालक तिसऱ्या मजल्यावरचे काका. निवृत्त झाल्यावर माणसं भिशीत, भजनात, नाहीतर सोसायटीच्या राजकारणात पडतात. काका बियांत पडले. आधी पस्तीस वर्षं बँकेत होते. मुद्दल मोडायचं नाही, हा तिथला धडा ते गच्चीवर घेऊन आले.

"काका, एक दुधी द्या ना, कोफ्ते करायचेत," असं म्हणून बघा.

"तो बी धरायला ठेवलाय."

"मग तो पलीकडचा?"

"तो पहिल्याला काही झालं तर."

बी धरायचं म्हणजे दुधी वेलावरच जून होऊ द्यायचा. साल लाकडासारखी कडक झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या, की मग तो उतरायचा. तोवर काका त्याला मोज्यात, म्हणजे त्यांच्या जुन्या ऑफिसच्या मोज्यात, घालून ठेवतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. म्हणून दिवेलागणीला काका बॅटरी घेऊन वर जातात, नर फूल तोडतात आणि ज्या फुलामागे बोटभर दुधी दिसतो त्या मादी फुलाला ते हलकेच टेकवतात. हे काम चाललेलं असताना गच्चीवर मोबाईलवर बोलायची बंदी आहे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते एवढे हळवे झाले नव्हते, असं काकू सांगतात.

काकूंचं दुःख वेगळंच आहे. टोमॅटोचं बी धरताना गर पेल्यात दोन-तीन दिवस आंबवतात, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. असा एक पेला ओट्यावर होता. वर पांढरी साय आलेली. पाहुणे आले होते आणि त्यांतल्या एका आगाऊ जावयाने तो सार समजून तोंडाला लावला. जावई आठवडाभर बोलला नाही. काकाही बोलले नाहीत, पण ते बियांसाठी.

त्यांच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात बाटल्या, बाटल्यांत पुड्या आणि पुड्यांवर न लागणारं अक्षर. गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसाला त्यांनी मला कारल्याची म्हणून एक पुडी दिली. सोबत सूचना : बी रात्रभर भिजवा, तिच्या जाडीच्या दुप्पटच खोल पेरा, त्याहून खोल गेली तर गुदमरते. मी पट्टीने मोजून पेरली. वेल आला, पिवळी फुलं आली आणि सप्टेंबरात दोडके लागले. काकांनी दोडका हातात घेऊन नीट निरखला.

"तुमच्या मातीत दोष आहे," म्हणाले.

माणूस मात्र कंजूष नाही हो. २०२० साली देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा काकांनी आख्ख्या इमारतीत पेढे वाटले होते. प्रत्येक पेढ्याबरोबर घेवड्याच्या चार-चार बिया. "यातल्या दोन पेरा आणि दोन मला परत द्या," अशी अट होती, तेवढं सोडा. संकरित बियांची पाकिटं आणणाऱ्यांशी ते बोलतात, पण खालच्या आवाजात, जणू घरात काही वाईट घडलंय. "त्या झाडाचं बी धरलंत तर पुढच्या वर्षी काय उगवेल, त्याचा भरवसा नाही," म्हणतात. दोडक्याची आठवण मी करून देत नाही.

परवा काका मंडईत दिसले. भाजीवालीच्या पाटीतले कोवळे दुधी बाजूला सारत होते आणि नख न रुतणारा, कुणी घेणार नाही असा जून दुधी दाबून बघत होते. तिने तो निम्म्या भावात दिला.

त्या दिवशीही काकूंनी पिठलं केलं.