सोळा दातांची तक्रार

भाचा पुण्याला गेला आणि जाताना आपली सायकल आमच्या पडवीत ठेवून गेला, तिथून हे सुरू झालं. डोंगरात चालवायची, जाड टायरची सायकल, आणि गिअर एकच. "मामा, कोकणाला हीच बरी," असं त्याने सांगितलं. कारणंही दिली आणि ती खोटी नव्हती, याची नोंद आधी करतो. गिअर बदलणारी यंत्रणा मागच्या चाकाशी खाली लोंबत असते. तिच्यात आपला तांबडा चिखल बसतो, गवताच्या काड्या अडकतात, खाऱ्या हवेने केबल गंजते. इथे चेन पुढून मागे सरळ जाते, अडकायला काही नाहीच. पटलं मला. पण जरा चहा घ्या, पुढचं ऐका.

पुढे 32 दात, मागे 16. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक दोनदा फिरतं आणि 26 इंची चाकाची सायकल चार मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. चढ असो, उतार असो, सपाटी असो, हिशोब तोच. म्हणजे दिवसभराचा रस्ता कसा असणार हे सकाळी घरातून निघण्याआधीच ठरलेलं. आता राजापुरात राहणाऱ्या माणसाने ते कसं ठरवायचं, तुम्हीच सांगा.

हे गाव वसलं पाण्याच्या सोयीने. जैतापूरच्या खाडीतून माल वर येई, म्हणून सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली. व्यापाराला सखल जागा सोयीची, आणि ती किती सखल हे मोठ्या पावसात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरलं की कळतं. त्यामुळे इथून कुठेही निघा, आधी चढ. वखारवाल्यांचं भागलं, त्यांचा माल बैल वाहत होते.

पहिल्याच दिवशी बारसूच्या सड्याकडे निघालो. चढावर बसून रेटलं तर पायडल वर येऊन तिथेच थांबतं. उभं राहून रेटलं तर अंगाचं वजन पुढे जातं आणि मागचं चाक जांभ्याच्या खडीवर सुटतं. वजन मागे ठेवायचं, तरी उभं राहायचं, आणि हँडल हिसकू द्यायचं नाही. हे तीनही एकदम साधलं तर वीस पावलांचं अंतर निघतं. मग उतरावं लागतं.

आणि उतरलो की चौकशी सुरू. पहिला मोटारसायकलवाला थांबला, "पंक्चर काय काका?" दुसरा म्हणाला, "चेन पडली काय?" तिसऱ्याने वाकून मागचं चाक बघितलं आणि विचारलं, "गिअर नाहीत? मग स्वस्तात पडली असंल." चांगली माणसं, मदतीलाच थांबली होती. पण माझ्या लहानपणी मास्तर, पोस्टमन, दूधवाले याच घाट्या काळ्या सायकलींवर काढत. त्यांनाही गिअर एकच होता. घाटी आली की उतरायचं, सायकल हाताला धरायची, माथ्यावर पुन्हा बसायचं. ती चालवण्याचीच रीत होती, कोणी कारण विचारत नसे. ही रीत कधी रद्द झाली? फ्रान्सच्या त्या मोठ्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला 1937 साली परवानगी मिळाली. तोवर स्वार चढाआधी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला जास्त दातांची चकती असे. म्हणजे आल्प्स ओलांडणाऱ्यांनाही निदान दोन आकडे होते. मला एक.

सड्यावर पोचलो तेव्हा मात्र ते 16 दात बरोबर बसले. कातळ लांबवर सपाट, गवत वाळलेलं, पाय आणि चाक एका लयीत, आणि चेनचा आवाजसुद्धा नाही. कातळशिल्पं जवळ आली तशी सायकल लांब गडग्याला टेकवली आणि चालत गेलो. त्या रेषांवरून चाक जाता कामा नये. दोन वाघांच्या मधे उभा असलेला तो माणूस बघितला. कोकणातली ही शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या दिवशी सड्यावर जे मिळालं ते मी नाकारत नाही. म्हणून तर तक्रार जास्त आहे. हेच चाक चढावरही असं का चालू नये?

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मागे 20 दातांची फ्रीव्हील टाका. राजापुरात मिळाली नाही, कोल्हापूरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवली. चढ हलका झाला. पण सपाटीला पाय नुसते गरगरतात. मिनिटाला साठ पायडलं मारली तर आधी तासाला पंधरा किलोमीटर व्हायचे, आता बारा. महामार्गावर मागून येणाऱ्या शाळेच्या पोरी घंटी वाजवून पुढे जातात. चढ सुटला तर सपाटी गेली, सपाटी धरली तर चढ गेला.

आता 18 ची मागवली आहे. ती येईपर्यंत वीसवर चालवतोय. काल बारसूच्या चढाला उतरलो नाही.