भाचेराजांची रसायन-मसलत

अमेरिकेत ‘प्रीमेड’ ही पदवी नसून दशा आहे. तेथे वैद्यकाचे दार चार वर्षांच्या पदवीनंतरच उघडते, आणि ती पदवी इतिहासाची असली तरी चालते. मात्र रोग्याच्या नाडीला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याचे रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्र पक्के असावे, असा अभिप्राय अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० साली आपल्या अहवालात नोंदवल्यापासून रसायनशास्त्र हे त्या वाटेवरील जकातनाके होऊन बसले आहे.

आमचे भाचेराजे या दशेत असताना मी न्यू जर्सीत बहिणीकडे मुक्कामाला होतो. रसायनाचा कोणता वर्ग घ्यावा, याविषयी त्यांनी चालवलेली मसलत नाना फडणविसांनी खर्ड्याच्या स्वारीपूर्वीही केली नसेल. शाळेतच महाविद्यालयीन पातळीच्या एपी परीक्षेत पाचांपैकी पाच गुण मिळाल्याने सामान्य रसायन माफ होत होते. परंतु ही माफी काही वैद्यकीय महाविद्यालयांच्या दफ्तरी मंजूर नसते. ‘ऑर्गो’, म्हणजे सेंद्रिय रसायन, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात उरकावे, तर प्रवेश समिती नाक मुरडणार. रसायनाच्याच पदवीवाल्यांबरोबर ऑनर्सला बसावे, तर गुणांची धूळधाण होणार. शिवाय २०१५पासून एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जीवरसायनाचाही अंमल सुरू झाल्याने तेही तत्पूर्वी पदरात पाडून घेणे आले.

“यातलं तुला आवडतं काय?” मी भीत भीत विचारले.

“मामा, सायन्स जीपीए घसरला की संपलं सगळं! आवडीचं काय घेऊन बसलात?”

अखेर, सढळ हाताने गुण देणाऱ्या एका प्राध्यापकांचा वर्ग मुक्रर झाला. नावनोंदणी सकाळी सातला उघडायची होती. भाचेराजे पाचपासून संगणकापुढे ठाण मांडून बसले, आणि सात वाजून दोन मिनिटांनी वर्ग भरल्याचे वर्तमान आले. हाच हिशेब विद्यापीठातील यच्चयावत प्रीमेडांनी मांडला होता! राहता राहिला तो ज्यांच्या नावाने मुले चळाचळा कापत त्या प्राध्यापकांचा वर्ग. घरात दोन दिवस सुतक पाळण्यात आले.

पुढे दिवाळीत फोनच्या पडद्यावर भेट झाली, तेव्हा भाचेराजे जेवून मुखवासातील बाळंतशेपा चघळीत होते. एकाएकी थांबून म्हणाले, “मामा, या शेपेचा वास आणि स्पिअरमिंटच्या च्युइंगगमचा वास, दोन्हीकडे रेणू एकच, कार्व्होन, फक्त एक उजवा हात, तर दुसरा डावा. आणि आपल्या नाकाला तो फरक कळतो!”

“परीक्षेला आहे वाटतं?”

“नाही हो, असंच. गंमत वाटली.”

त्या वर्गात त्यांना गुण किती पडले ते मी विचारले नाही. पण हा मुलगा बरा डॉक्टर होईल, असे मला त्या रात्री प्रथमच वाटले.