अनुभव किती वर्षांचा?

जाहिरातीत असतं : 'उमेदवार धडाडीचा हवा, तोकड्या साधनांत काम भागवणारा.' (पगाराचा आकडा मात्र गुलदस्त्यात.) असा माणूस हवा तर मालेगावला जा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट काढला. घोडे कुठून आणणार? डाकू सायकलींवर आले. पुढे सुपरमॅनवरच्या चित्रपटाच्या वेळी क्रेन नव्हती, तर बैलगाडीच वरखाली करून कॅमेरा फिरवला. आणि सुपरमॅन? यंत्रमागावरचा कामगार, अंगानं काडी.

हीच मंडळी आपल्याकडे मुलाखतीला आली असती, तर साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं असतं : क्रेन चालवण्याचा अनुभव किती वर्षांचा? आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स आणलीय का, दोन प्रतींत?