मुक्कामपंत

पैसे देऊन झोपायचं, ही कल्पनाच मुक्कामपंतांना पटत नाही. “झोप काय लॉजवाल्याची असते? ती माझी मी आणतो,” असं ते म्हणतात, आणि यावर अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

कोथरूडला आमच्याच सोसायटीत, आमच्या वरच्या मजल्यावर हे राहतात. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त पासपोर्टवर आणि मेंटेनन्सच्या थकबाकीच्या यादीत दिसतं.

हा गुण त्यांना इंटरनेटने दिला, असं कुणी समजू नये. मुंबईत काम निघालं की दादरला उतरायचं, गिरगावातल्या मामेसासऱ्यांची खोली गाठायची आणि आधीच आडव्या झालेल्या सात जणांत आठवं व्हायचं, या संस्कारात वाढलेला हा माणूस. मराठी माणूस इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, थेट तंजावरपर्यंत पसरला तो राज्यविस्तारासाठी, असं इतिहासकार म्हणतात. पंतांच्या मते तो पसरला त्यांच्या मुक्कामाची सोय व्हावी म्हणून. बडोद्याच्या एका घरात तर पंत उतरले, जेवले, दोन दिवस राहिले आणि निघताना लक्षात आलं की आपले नातेवाईक शेजारच्या वाड्यात राहतात. यजमानांनाही ते तेव्हाच कळलं.

पुढे नातेवाईक शहाणे झाले. पंतांचा फोन आला की नेमके त्याच तारखांना बाहेरगावी जाऊ लागले. अशा पडत्या काळात भाच्याने त्यांना काउचसर्फिंग दाखवलं. अनोळखी माणसाच्या घरी, त्याच्याच निमंत्रणावरून, फुकट राहायचं! पंतांचे डोळे भरून आले. जगात इतके नातेवाईक असताना आपण उगाच आडनाव बघत बसलो, असं त्यांना वाटलं.

या पंथाचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे आणि तो ऐकणं हेच यजमानाचं भाडं. केसी फेंटन नावाच्या अमेरिकन तरुणाला 1999 मध्ये बोस्टनहून आइसलंडचं स्वस्त तिकीट मिळालं. राहायची सोय नव्हती, म्हणून त्याने तिथल्या विद्यापीठातल्या दीडेक हजार विद्यार्थ्यांना ई-मेल पाठवून विचारलं, राहायला जागा देता का? भराभर होकार आले, आणि त्यातून 2004 मध्ये ही साइट उभी राहिली. “यात नवीन ते काय?” पंत विचारतात. “आमची आत्या हेच पोस्टकार्डावर करायची. आणि ती विचारायचीसुद्धा नाही, गाडीची वेळ कळवायची.”

त्याआधीची सर्व्हासही त्यांना ठाऊक आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर 1949 मध्ये डेन्मार्कमधून ही चळवळ निघाली. देशोदेशींची माणसं एकमेकांच्या घरी राहिली, तर पुन्हा लढाया होणार नाहीत, हा त्यामागचा विचार. हे पंतांनी भक्तिभावाने सांगितलं तेव्हा वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “आपल्या घराण्यातली सगळी भांडणं एकमेकांच्या घरी राहूनच झालीत.” सर्व्हासमध्ये आधी मुलाखत होते, ओळखपत्र मिळतं, आणि साधारण दोन रात्री राहण्याचा रिवाज आहे. दोन रात्री हा आकडा पंतांना माणुसकीला धरून वाटला नाही. त्यांच्या हिशेबात पोचल्याची रात्र धरायची नसते, कारण ती प्रवासात जाते. आणि निघायची रात्रही धरायची नसते, कारण तेव्हा मन पुढच्या गावी गेलेलं असतं.

यजमान निवडताना मात्र त्यांच्यातला कर्ज अधिकारी जागा होतो. प्रोफाइल ते अर्जदाराच्या फाइलसारखी वाचतात. ‘स्वयंपाकाची आवड’ असं लिहिलेलं असलं की पेन्सिलीने खूण. ‘मांजर आहे’ याला अर्धी खूण. ‘पाहुण्यांनी स्वतंत्रपणे गाव फिरावं’ असं असलं की फाइल बंद. मुक्काम झाल्यावर एकमेकांविषयी जो रेफरन्स लिहायचा असतो, तो ते गोपनीय अहवालाच्या भाषेत लिहितात. लायप्झिगच्या एका मुलीने स्वतःची खोली यांना दिली आणि स्वयंपाकघरात झोपली. तिला पंतांचा शेरा: ‘वर्तणूक समाधानकारक. उशी सुधारण्यास वाव.’

त्या घरात पंतांनी तिला पोहे करून घातले होते. यजमानाला आपल्या देशाचं काहीतरी खिलवावं, हा या मंडळींचा सुंदर रिवाज आहे आणि पंत तो मनापासून पाळतात. फोडणीत मिरच्या पडल्या, धूर झाला, छताला लावलेला अलार्म कोकलायला लागला. त्यात रविवार. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही, इतकी शांतता पाळतात. शेजारचे आजोबा दार ठोठावत आले. ते निषेध नोंदवायला आले होते, हे पंतांना आजही मान्य नाही. “वासावर आले हो ते,” असं ते सांगतात. आजोबांना ताटली मिळाली. कढीपत्ता पिवळ्या डब्यात टाकायचा की तपकिरी, यावर नंतर मुलीत आणि आजोबांत अर्धा तास चर्चा झाली. पंत त्यात ‘तपकिरी’च्या बाजूने बोलले आणि त्यांचंच बरोबर निघालं. हे ते मला प्रत्येक भेटीत सांगतात.

सोबत भेट म्हणून चितळ्यांची बाकरवडी असतेच. पाकीट पहिल्या संध्याकाळी पंत स्वतः फोडतात, कारण यजमानाला ती कशी खायची हे कळणार नाही. कशी खायची, ते पाकीट संपेपर्यंत दाखवतात.

तिबिलिसीत मात्र त्यांना जोडीचा माणूस भेटला. जॉर्जियात पाहुणा ही देवाने पाठवलेली भेट मानतात. मेजवानी, म्हणजे सुप्रा, बसली की तमादा नावाचा एक गडी भाषण करून प्याले उंचावायला लावतो: देशासाठी, पूर्वजांसाठी, गेलेल्यांसाठी, पोराबाळांसाठी. तमादा होते यजमान मुलाचे वडील. पंतांना वाइन आंबट लागली, म्हणून त्यांनी बिअर मागितली आणि ग्लास उंचावून यजमान कुटुंबाला उदंड आयुष्य चिंतलं. बिअरने टोस्ट करायचा तो शत्रूच्या नावाने, अशी तिथली जुनी समजूत. टेबलावर शांतता पसरली. मग म्हातारा हसला, पंतांच्या हातात वाइन दिली आणि पाहुण्यावर बोलायला लागला. पंत म्हणतात, माझ्या निरोप समारंभात रिजनल मॅनेजरही माझ्याबद्दल इतकं बोलला नव्हता. मला वाटतं, हे सांगताना त्यांचा आवाज खरंच थोडा हलतो. माणूस अगदीच कोरडा नाही.

2020 मध्ये करोनाने प्रवास थांबला, आणि काउचसर्फिंगने अनेक देशांत सभासदांना वर्गणी लावली. पंतांना हा विश्वासघात वाटला. फुकट राहायला पैसे? रक्कम किरकोळ होती, पण प्रश्न तत्त्वाचा होता. ते स्वयंसेवकांनी चालवलेल्या बीवेलकम आणि ट्रस्टरूट्सवर गेले. वॉर्मशॉवर्सवर तर गरम पाण्याची आंघोळही मिळते, असं कुठेसं वाचून त्यांनी तिकडेही अर्ज करायला घेतला. तिथे फक्त सायकलवरून येणारे प्रवासी उतरतात, हे नंतर कळलं. पंत सायकल घ्यायला तयार झाले, चालवायला नाही.

नर्मदाकाठीही जाऊन आले, गाडीने. परिक्रमावासीयांना तिथे सदावर्त मिळतं: पीठ, डाळ, मीठ. ते आपलं आपण शिजवायचं असतं, हे कळल्यावर त्यांनी परंपरेच्या ऱ्हासावर मला बराच वेळ ऐकवलं.

आता तुम्ही विचाराल, यांच्या घरी कोण उतरतं? कुणी नाही. कारणं भक्कम आहेत. पाणी सकाळी एकच तास येतं. मागची खोली रिकामी आहे, पण तिच्यात वहिनींचं शिलाई मशीन आहे. आणि परदेशी पाहुणा घरी ठेवला तर चोवीस तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म भरावा लागतो, ही मोठीच सरकारी अडचण. तो ऑनलाइन भरता येतो, असं मी सांगितलं तर पंतांनी विषय बदलून माझ्याकडे चहा मागितला. आम्ही माझ्याच घरी बसलो होतो. वहिनी कधी त्यांच्याबरोबर प्रवासाला जात नाहीत. “जगात एक तरी घर असू दे, जिथं हे पाहुणे नाहीत,” त्या म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात तिबिलिसीचा तो मुलगा भारतात आला. पंतांनी त्याचं पुणे स्टेशनवर हार घालून स्वागत केलं, रिक्षाने सोसायटीत आणलं आणि लिफ्टमधून एक मजला आधी उतरवलं. आमच्याकडे तो चार दिवस राहिला. गोड पोरगा. थालीपीठ आवडलं त्याला. फॉर्म मी भरला. संध्याकाळी पंत यायचे, त्याला शनिवारवाड्याचा इतिहास सांगायचे आणि आमच्याकडेच जेवून वर जायचे. मुलाने घरी पोचल्यावर रेफरन्स लिहिला, तो पंतांच्या प्रोफाइलवर आहे: पुण्यातले सर्वोत्तम यजमान.