लिंबू-मिरची आणि डिझेल फिल्टर

सोलापुरात जुनी डिझेल पिकअप विकत घेतली, की पेढे वाटायच्या आत सल्ले यायला लागतात. माझ्या बोलेरो पिकअपला पहिला सल्ला शेजारच्या अण्णांचा मिळाला. गाडीभोवती प्रदक्षिणा घालून, चारी टायरांना एकेक लाथ मारून ते म्हणाले, "एमएच तेराची हाय न्हवं? मग भ्यायचं काम नाही. रत्नागिरीची घेतली असती तर पत्र्याची चाळणी मिळाली असती बघा." यात तथ्य आहे. समुद्राचं खारं वारं पत्रा खातं. आमच्या कोरड्या हवेत गंज सहसा चढत नाही. तापतात फक्त माणसं आणि इंजिनं.

गाडी घेतली ती कांद्यापायी. बार्शी रोडच्या शेतातला माल सिद्धेश्वर बाजार समितीत न्यायचा, तर दर खेपेला भाड्याच्या गाडीची मनधरणी. भाडं जायचं ते जायचंच, वर ड्रायव्हरचा नाश्ता आणि कांद्याच्या भावावरचं त्याचं प्रवचन. शेवटी ठरवलं, प्रवचनच करायचं तर आपणच करू.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. नावावर करून घ्यायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं तरी आरसी बुकात बँक बसलेलीच असते, तिला उठवायला ३५ नंबरचा. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षी. माझ्या रक्तदाबाचीसुद्धा इतकी नियमित तपासणी होत नाही.

मग घरच्यांनी संरक्षण हाती घेतलं. आईनं पुढे लिंबू-मिरची बांधली. सासूबाईंनी मागे काळी बाहुली लटकवली. मेहुण्यानं कुठूनशी घोड्याची नाल आणली; गाडीपेक्षा नाल जुनी, त्यामुळं गाडी एकदम तरुण दिसायला लागली. मागच्या फळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' होतं. त्यावर राज्याच्या परिवहन खात्यानं २०१५ सालीच बंदी घातलीय, म्हणून पेंटरनं ते खरवडून 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' काढलं. आमच्या सौ.नी सीटवर सोलापुरी चादर अंथरली. वरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. खालचा फोम कधीच निजधामाला गेलाय.

एवढी सिद्धता झाल्यावर गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यांनी बाहुलीकडं बघितलंही नाही. बॉनेट उचललं, एअर फिल्टर काढला आणि खांबावर आपटला. खाली जी माती पडली तिच्यात ज्वारी पेरता आली असती.

"मालक," ते म्हणाले, "डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची, की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. आता ती हवाच मातीची असंल तर लिंबू काय करणार?" त्या गॅरेजात ऐकलेलं एवढंच तत्त्वज्ञान मला पटलं. या इंजिनाच्या मागण्या तीन: हवा स्वच्छ, डिझेल स्वच्छ, ऑइल स्वच्छ. बाकीच्या सगळ्या मागण्या आपल्या घरातून येतात.

डिझेलमधलं पाणी जड, ते फिल्टरच्या तळाशी बसतं. खालचं बूच सैल करून अधूनमधून ते सोडून द्यायचं, फुकटचं काम. ते टाळलं आणि पाणी पंपात गेलं, की पंप आणि नोजलच्या बिलात एकरभर कांदा जातो. धूरही वाचायला शिकलो. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त होतंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला, तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची. "निळा दिसला तर मला फोन करा," मिस्त्री म्हणाले, "पांढरा दिसला तर बँकेला."

मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकला की रेडिएटरची परीक्षा. बोअरचं क्षारी पाणी ओतलं तर आत थर बसतो आणि जाळी तुंबते, म्हणून कूलंट आणलं. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळं सौ. म्हणाल्या, "अहो, गाडीला हिरवं पाणी विकत आणता, आणि मी टँकर सांगितला की हिशेब मागता!" याला मिस्त्रीकडंही उत्तर नव्हतं.

रात्री गरम इंजिनाच्या उबेला उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. अण्णा म्हणाले, बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवा. ठेवली. सकाळी वायरी शाबूत, तंबाखू गायब. ती उंदरानं नेली की वॉचमननं, याचा तपास मी केला नाही. वायरी वाचल्या, बास.

१९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेलनंच पुढं ते सांगून ठेवलंय. हे मी घरात मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. तेव्हापासून तेलाचा डबा कपाटात कुलपात असतो. अण्णांची शंका वेगळीच होती: "गाडीनंच शेंगदाणे खाल्ले तर चटणीला काय राहिलं बे?"

पण माती, पाणी, उंदीर हे किरकोळ शत्रू. जुन्या पिकअपचा खरा शत्रू फोन करून येतो आणि "जरा" या शब्दानं सुरुवात करतो. जरा कपाट न्यायचंय. जरा गणपती आणायचाय. जरा टॉवेलचे गठ्ठे एमआयडीसीतून उचलायचेत. आषाढीला तर कुणी विचारलं, "मागे दहा-बारा जण बसून पंढरपूरला जाऊ का?" मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवायची नसतात, हे सांगितलं की आपण नास्तिक ठरतो. गाडी परत येते तेव्हा टाकी कोरडी, नळीत एअर, पाटे दबलेले आणि सीटवर कुणाचं तरी अर्धं पान. एअर काढायला हातपंप मारत बसलो की जाणारा-येणारा विचारतो, "जुनी घेतली वाटतं?"

तेव्हा समस्त नातेवाइकांना आणि मित्रांना कळवतो: गाडी मिळणार नाही, मागू नका. सामान हलवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, मी स्वतः घेऊन येतो. ड्रायव्हर फुकट, डिझेल तुमचं, आणि भरायला-उतरवायला माणसंही तुमचीच.